आधी वाक्यं

रजई बाजूला करून मी पेटीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. हात पोळायचाच बाकी होता. कपाटात कुणी इस्त्री चालू ठेवून विसरून गेलंय, असा वास येत होता आणि पुढचा दिवा, जो एरवी हिरवा असतो, तो नारिंगी झाला होता.

पेटी म्हणजे आमच्या घरातला तो काळा डबा. आत दोन डिस्क शेजारी शेजारी बसतात आणि घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवरून, फोनवरून त्यांच्यात फाइली ठेवता येतात. हे खूळ मास्तरचं. मास्तर म्हणजे माझा नवरा. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो, म्हणून अख्खी गल्ली त्याला मास्तर म्हणते. मीही म्हणते, विशेषतः डोकं फिरलेलं असताना. पेटी आणली तेव्हा दोन दिवस तो तिच्यासमोरून हलला नव्हता. जेवायला हाक मारली तर म्हणाला, "दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी जिवंत. आता आपलं काही हरवणार नाही." मी म्हटलं, जेवण गार झालंय, तेवढं बघ.

आणि आता त्या पेटीत मास्तरचा आवाज होता. मी हे अगदी सरळ अर्थाने म्हणते आहे. घशातली गाठ काढताना डॉक्टरांना स्वरयंत्रच काढावं लागणार, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. मग एका आवाजवाल्या बाईंची गाठ पडली. त्यांनी कागदांची चळत दिली. "एवढी वाक्यं स्वच्छ आवाजात रेकॉर्ड करून ठेवा," त्या म्हणाल्या. "त्यातून आम्ही आवाज घडवतो. मग हे फोनवर टाइप करतील आणि फोन ह्यांच्याच आवाजात बोलेल. निम्म्याच्या वर वाक्यं तरी हवीतच. त्याखाली गेलं तर काही करता येत नाही."

ऑपरेशन होऊन गेलं. स्वरयंत्र गेलं. मास्तर गळ्याला नळी लावून हॉस्पिटलच्या खाटेवर होता. आज सकाळी बाईंचा फोन आला, फाइली पाठवा. म्हणून मी कामावरून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून घरी आले, लॅपटॉप उघडला, तर पेटी सापडेना. म्हणून कपाट उघडलं.

"रजई कुणी गुंडाळली हिला?" मी ओरडले.

स्वयंपाकघरातून ताई आल्या. ताई माझ्या मोठ्या नणंदबाई. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना रिकाम्या हाताने बसवत नाही, आणि भावाच्या दुखण्यात तर आमच्याकडेच मुक्काम. "मीच," त्या म्हणाल्या. "तो बोलायचा तेव्हा हिची घुरघुर येत नव्हती का? तूच म्हणालीस, काहीतरी करा."

म्हणाले होते खरी. रेकॉर्डिंगच्या त्या दिवसांत आम्ही घराला चिडीचूप केलं होतं. फ्रिज बंद. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढलेला. ताई मोजे घालून चालायच्या. मी एकेक वाक्य दाखवायची आणि मास्तर माइकपुढे म्हणायचा: धाकट्या भाच्याने छत्री झाडाखाली ठेवली. ढगांच्या गडगडाटाने घोडा बिथरला. दुखत असायचं, तरी पाच-दहा वाक्यं झाली की टोमणा ठरलेला. "ह्यात ब्रेक शब्दच नाही गं. माझा निम्मा धंदा त्या एका शब्दावर चालतो." मग पाणी प्यायचा आणि पुन्हा घोडा, पुन्हा छत्री. ताईंनी पेटीभोवती रजई गुंडाळली, घुरघुर थांबली. रेकॉर्डिंग संपलं, गडबडीत हॉस्पिटल गाठलं आणि रजई तशीच राहिली.

"ताई, रेकॉर्डिंग संपल्यावर काढायची ना!"

"तू नाही बघितलीस?" त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढाच होता. आमच्या घरात सगळ्यांचं असंच आहे.

मी मास्तरला मेसेज केला. पेटी तापलीय. दिवा नारिंगी. लॅपटॉपवर दिसत नाही.

उत्तर लगेच आलं. 'पुढचं बटण दाबून धर, बंद होईल. पंखा लाव. पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नकोस.'

टेबलफॅन आणून कपाटासमोर लावला. ताईंनी विचारलं, बर्फ आणू का. मी नुसतं बघितलं. त्या खुर्ची घेऊन पंख्याशेजारी बसल्या आणि पेटीवर नजर लावून राहिल्या, दूध उतू जाईल म्हणून बसावं तशा. मी जमिनीवर बसून मास्तरशी भांडत होते. मेसेजवर भांडण करण्याचा एक तोटा आहे, समोरचा माणूस मध्येच तोडत नाही आणि मग आपलाच जोर ओसरतो.

'दुसरीकडे एक कॉपी का नाही ठेवलीस?'

'दोन डिस्क आहेत ना.'

'मग नारिंगी दिवा कशाचा?'

जरा वेळाने आलं, 'एक डिस्क रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच गेली होती. पेटी बीप बीप करत होती. वाक्यात यायला लागलं म्हणून मी बीप बंद करून टाकलं. म्हटलं, नंतर बघू.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हा माणूस शिकाऊ पोरांना गाडीतला लाल दिवा दिसला की जागच्या जागी थांबायला लावतो. स्वतः मात्र दिवा लागला तर त्याच्यावर बोट ठेवून पुढे. त्याचं सगळं बोलणं, एकूण एक वाक्य, त्या एकाच उरलेल्या डिस्कवर होतं आणि ती डिस्क इतके दिवस रजईत भाजत होती. मी ताईंना सांगितलं. पंख्याचा वेग वाढवायला त्यांनी हात पुढे केला, तो आधीच पूर्ण होता.

पेटी गार झाल्यावर मी बटण दाबलं. आत काहीतरी फिरायला लागलं, दिवा मिचमिचला. लॅपटॉपवर मात्र पेटी दिसेना. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं.

'दिसत नाही,' मी लिहिलं. 'गेली बहुतेक.'

'राउटर तोच आहे ना?'

राउटर तो नव्हता. मागच्या आठवड्यात इंटरनेट बंद पडलं, तेव्हा कंपनीचा माणूस येऊन नवा बसवून गेला होता. पांढरा, चार शिंगांचा. मी तसं कळवलं.

'मग ठीक आहे,' मास्तरने लिहिलं. 'मी पेटीला कायमचा पत्ता दिलाय, जुन्या राउटरच्या आळीतला. नव्याची आळीच वेगळी. ती हाका मारतेय, ह्याला ऐकू जात नाही. राउटरमधली केबल काढ आणि सरळ लॅपटॉपला लाव. मग लॅपटॉपला तिच्या शेजारचा पत्ता दे. तिचा शेवटचा आकडा पन्नास. तू एक्कावन्न घाल.'

मी एकेक खिडकी उघडत गेले. तो एकेक ओळ पाठवत होता, मी भरत होते. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या बनवते. केसाएवढा फरक राहिला तर माणसाला जेवता येत नाही. त्यामुळे आकडे तीनदा तपासायची सवय हाडीमाशी आहे. एक ठिपका चुकला होता, तो सापडला. पेटीचं पान उघडलं. पासवर्ड त्याच्या पहिल्या गाडीचा नंबर, हे मला न विचारताही माहीत होतं.

पानावर दोन चौकोन होते. पहिला लाल: डिस्क निकामी. दुसरा पिवळा: डिस्कची स्थिती चिंताजनक. आणि खाली रुंद, ठसठशीत निळं बटण. 'दुरुस्त करा'.

मी फोटो काढून पाठवला आणि विचारलं, दाबू?

उत्तर आलं, 'थांब. डॉक्टर आलेत, नळी बदल' आणि पुढे काहीच नाही. शब्दही अर्धाच होता.

आम्ही दोघी पानाकडे बघत बसलो. तेवढ्यात पेटीतून आवाज आला. टक. मग थोडं थांबून, टक. चावी आतल्या आत अडकावी तसा.

"हे काय?" ताई म्हणाल्या.

"माहीत नाही."

"अगं, ते स्वतःच म्हणतंय ना दुरुस्त करा म्हणून! मग दाब ना. वाट कसली बघतेस? ती बघ, टकटक करतेय."

"तो थांब म्हणालाय."

"तो थांब म्हणाला कारण डॉक्टर आले. पेटीबद्दल कुठे म्हणाला?" बोलता बोलता ताईंचा हात माउसवर गेला. बाण निळ्या बटणाकडे सरकला आणि मी त्यांचं मनगट धरलं. घट्ट. ताईंना असं कुणी आयुष्यात धरलं नसेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. वयाने, मानाने त्या मोठ्या. तरी मी मनगट सोडलं नाही.

"आधी ठसा," मी म्हटलं.

"काय?"

"आमच्याकडे तडा गेलेली कवळी येते ना, ती कुणी आधी चिकटवायला घेत नाही. चिकटवताना दाब पडतो, तुकडे झाले तर मूळ आकारही गेला. आधी ठसा घ्यायचा. मग ती फुटली तरी चालतं. हे बटण दाबलं की ती डिस्क अथपासून इतिपर्यंत घासून वाचणार, पुन्हा तापणार. तिच्यात तेवढा जीव नाहीये, ताई. आधी जे हवं ते काढून घेऊ."

हे बरोबर होतं की नाही, मला तेव्हा माहीत नव्हतं. मास्तरने नंतर सांगितलं की बरोबर होतं. त्या क्षणी मला फक्त कवळी माहीत होती. ताईंनी माउसवरून हात काढला आणि मी मनगट सोडलं. तिथे माझ्या बोटांच्या खुणा उमटल्या होत्या.

फोल्डर उघडलं. आत दोन फोल्डर. एकाचं नाव 'वाक्यं', दुसऱ्याचं 'घर'.

'घर' मला माहीत नव्हतं. मी वाक्यं दाखवायची आणि कामावर निघून जायची. दुपारी तो एकटाच असायचा, ताई पडलेल्या असायच्या. मी ते उघडलं. चार-सहाच फाइली, पण लांबलचक. 'हिला, झोप येत नसेल तेव्हा'. 'हिला, चिडल्यावर'. 'हिला, काहीच कारण नसताना'. 'ताईसाठी'. मला ती नावंही धड वाचता येईनात, अक्षरं पुसट झाली.

"हे आधी," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी इतका खाली गेलेला ऐकला नव्हता. "हे आधी घे."

टक, पेटी म्हणाली. टक.

मी 'घर' उचललं आणि लॅपटॉपवर टाकलं. कॉपीची पट्टी उघडली आणि हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. मला वाक्यं नको होती. घोडा, छत्री, धाकटा भाचा, ह्यांचं मला काय करायचं होतं? ह्या माणसाने माझ्यासाठी काहीतरी बोलून ठेवलं होतं, खऱ्या गळ्यातून, आणि ते माझ्यासमोर टकटक करत मरत होतं. मी फोन हातात घेऊन बसले आणि मास्तरला लिहिलं, 'दुरुस्त दाबलं नाही. कॉपी करतेय. घर आधी.'

उत्तर येईना. रेघ पहिल्या फाइलीच्या पावावर आली होती. मग फोन वाजला.

'नको. थांबव. आधी वाक्यं.'

'मी घर बघितलं, मास्तर.'

'कळलं. ते निरोप आहेत. ऑपरेशनच्या टेबलावरून परत आलो नाही तर म्हणून केले होते. आलो ना मी परत?'

रेघ सरकत होती.

'ते घेतलंस तर तुझ्याकडे चार फाइली राहतील,' त्याने लिहिलं. 'वाक्यं घे. बाकीचं मी स्वतः बोलेन.'

मी फोन ताईंपुढे धरला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग त्यांनी मान डोलावली आणि तोंड फिरवून पंख्याकडे बघत राहिल्या. मी 'रद्द करा' दाबलं. अर्धवट फाइल लॅपटॉपवरून नाहीशी झाली. मग 'वाक्यं' उचललं आणि टाकलं.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. रेघ निघायची, छान धावायची, मग एका फाइलीवर अडकायची. टक, टक, टक. अडकली की आम्ही दोघी श्वास रोखून बसायचो. मग पाटी यायची: ही फाइल वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न की वगळायची? पहिल्यांदा मी पुन्हा प्रयत्न केला, तर पेटी इतकी कुरकुरली की मी वगळ म्हटलं. घोडा गेला. त्यानंतरही जे अडकेल ते मी वगळत गेले. एकेक वाक्य मला पाठ होतं, कुठलं गेलं ते नंबरावरून कळत होतं. ताई पेटीवर तळहात ठेवून बसल्या होत्या, जरा कोमट झाली की सांगायच्या, मग मी कॉपी थांबवायची, पंखा जवळ ओढायची आणि गार झाल्यावर पुन्हा सुरू करायची. कितीदा केलं ह्याचा हिशेब नाही. निम्मी झाली तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, "निम्मी झाली." ताई म्हणाल्या, "बोलू नकोस, दृष्ट लागेल."

वाक्यं संपली. काही गेली, बरीचशी आली. मी लगेच ती पेनड्राइव्हवर घेतली, आवाजवाल्या बाईंना पाठवली आणि त्यांच्याकडून पोचल्याचा फोन येईपर्यंत जागची हलले नाही. मग 'घर' उघडायला गेले.

टक झालं नाही. काहीच झालं नाही. आत जे फिरत होतं ते हळूहळू थांबत गेलं, आणि पिवळा चौकोन लाल झाला.

नंतर मी दोन्ही डिस्क एका दुकानात नेल्या. दुकानदाराने उघडून बघितल्या आणि म्हणाला, मॅडम, पहिलीत तर तेव्हाच जीव नव्हता, दुसरीवर ओरखडे पडलेत. मास्तरला ते सांगितलं तेव्हा त्याने वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, 'नवी पेटी घेऊ. तीन डिस्कची.' मी ते पान चुरगळून त्याच्याच अंगावर फेकलं. माझा त्याच्यावर राग होता. जिवंत माणसावर धरावा तसा राजरोस राग होता, पण तरीही रात्री त्या फाइलींची नावं आठवली की मला गलबलून यायचं. तो घरी आला. वहीवर लिहून तो भाजीत मीठ कमी म्हणायचा, वहीवर लिहून ताईंशी वाद घालायचा. त्या फाइलींत काय होतं, हे मी विचारलं नाही. वहीवर लिहिलेलं मला नको होतं.

आवाज आला त्या दिवशी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. बाईंनी फोनमध्ये सगळं घालून दिलं होतं. मास्तर एका बोटाने टाइप करतो, त्यामुळे वेळ लागत होता. ताई पदराशी चाळा करत होत्या.

मी म्हटलं, "'चिडल्यावर' मध्ये काय होतं?"

त्याने टाइप केलं. फोन बोलला, "सांगतो. पण त्यासाठी आधी तुला चिडावं लागेल."

त्याचा आवाज. थोडा कोरडा, पण शेवटाला किंचित वर जाणारा, त्याचाच. ताईंनी तोंडाला पदर लावला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्यामुळेच मला जास्त राग आला.

"मी चिडलेलीच आहे!" मी म्हटलं. "पेटी बोंबलत होती तर तिचं तोंड दाबलंस! एक कॉपी ठेवायला हात मोडले होते? निरोप करून ठेवतोस, मला न सांगता, दुपारी गुपचूप! मला काय वाटलं असेल ते वाचताना? ताईंचं मनगट धरलं मी, मनगट! आणि तू तिकडून लिहितोस, आधी वाक्यं, आधी वाक्यं, जसं काही..."

तो टाइप करत होता. शांतपणे, एकेक अक्षर. मग त्याने फोन माझ्याकडे वळवला आणि बटण दाबलं.

"ब्रेक," फोन म्हणाला. "ब्रेक, ब्रेक. श्वास घे. आरशात बघ. आता हळूच क्लच सोड."

त्या कागदांवरची सगळी वाक्यं मला पाठ होती, आलेली आणि गेलेलीही. ब्रेक त्यात कुठेच नव्हता.

"एवढंच होतं त्यात?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. एवढंच.

"पुन्हा म्हण," मी म्हटलं, आणि त्याने पुन्हा बटण दाबलं.